ई-आठ सगळीकडे

दसऱ्याला, बाबा काम करतात त्या सातिवलीच्या कारखान्याच्या गाळ्यात सगळी यंत्रं बंद असतात. एरवी तिथे शेजारच्याने बोललेलं ऐकू येत नाही, बाबा घरी आल्यावरही बराच वेळ ओरडूनच बोलतात. पण त्या दिवशी धुऊनपुसून, झेंडूच्या माळा घालून ती सगळी धुडं अशी गप्प उभी असतात, की त्यांच्यामधून चालताना अश्लेषाला आपण कुणाच्या तरी झोपेत शिरलोय असं वाटायचं. "तुझा लॅपटॉप पण ठेव गं पाटावर, यंत्रच आहे ते," बाबा म्हणाले, आणि गाळ्यातल्या सगळ्यांसमोर त्यांनी तिच्या जुन्या काळ्या लॅपटॉपवर हळदकुंकू वाहिलं. कोणीतरी हसलं. अश्लेषा लाजली नाही. अकरावीत गेल्यापासून तिने लाजणं सोडूनच दिलं होतं. जिलेबीचा पुडा फिरत होता तेवढ्यात ती तेलाच्या बाटल्यांची झाकणं साच्यातून पाडणाऱ्या मोठ्या यंत्राला टेकून बसली, लॅपटॉप उघडला आणि आपण लिहिलेला ब्लूटूथचा शोध चालवून बघितला. सहज, गंमत म्हणून. शोध म्हणजे तरी काय, यंत्राने हवेत हाक मारायची, कोण आहे इथे. आणि आसपासच्या फोनांनी, इयरफोनांनी, स्पीकरांनी आपापला पत्ता सांगायचा. पत्ता म्हणजे अक्षर-आकड्यांच्या सहा जोड्या, बस. नाव विचारण्याइतकी अक्कल तिने अजून त्याला शिकवली नव्हती. पडद्यावर पत्त्यांची रांग उतरली, आणि रांगेत सगळ्यात वर जो होता तो तिने आदल्या संध्याकाळी तुळिंजला, स्वतःच्या खोलीत, स्वतःच्या पलंगावर बसून पाहिला होता. शेवटची जोडी ई-आठ. तिने डोळे मिचकावले. जिलेबीचा पाक बोटांवर चिकटला होता, तो तिने ओढणीला पुसला, आईने पाहिलं असतं तर धपाटाच. पुन्हा हाक मारली. ई-आठ.

तुळिंज कुठे, सातिवली कुठे. ब्लूटूथची हाक जाते फार तर एका खोलीतून दुसऱ्या खोलीत. म्हणजे जे काही होतं ते तिच्याबरोबर आलं होतं. रिक्षातून, बाबांच्या शेजारी बसून, झेंडूच्या पिशवीला पाय लावून. तिने मान वर केली आणि गाळ्यातल्या एकेका माणसाकडे पाहिलं, आणि मजा अशी, की पाहू लागल्याबरोबर प्रत्येक जण तिच्याकडे पाहत असल्यासारखा दिसू लागला. बाबासुद्धा.

संशय घेणं तिला कुणी शिकवलं नव्हतं असं म्हणायची सोय नव्हती. आई, जयवंतीबाई, तुळिंजच्या एका दवाखान्यात रिसेप्शनला बसते, आणि पेशंट खोटं बोलतो हे गृहीत धरूनच केसपेपर लिहायचा, असं तिचं ठाम मत आहे. जयवंतीबाई दाराच्या भिंगातून पाहिल्याशिवाय सख्ख्या भावाला दार उघडत नाहीत, आणि उघडल्यावर त्याच्या मागे कोणी आहे का ते बघतात. लहानपणी अश्लेषाला वाटायचं की जग म्हणजे त्या भिंगातून दिसतं तसंच असतं, फुगलेलं, मधोमध मोठं नाक आणि कडेला वाकलेला जिना. आणि माणसं आत आली की मगच सरळ होतात. जुलैत ती हा लॅपटॉप घेऊन घरी आली तेव्हा आईने तो हातात धरून, उलटापालटा करून, कलिंगडासारखा वाजवून पाहिला होता. "कोण म्हणालीस देणारी?" "प्रीतलताई. पाचूबंदरची. गलबतवाली." "आणि तिने का दिला?" "काम करायला." "काम तू करणार आणि लॅपटॉप ती देणार," आई म्हणाली, "बरं आहे. फुकट दिलेल्या वस्तूला दोरी बांधलेली असते, एवढं लक्षात ठेव." तेव्हा अश्लेषा केवढी चिडली होती. आईला काय कळणार, गलबत म्हणजे काय ते.

गलबत म्हणजे एक ऑपरेटिंग सिस्टीम. संगणक चालू केल्यावर त्याला जी पहिली जाग येते, ती जाग आणणारं सगळं. मोठमोठ्या कंपन्या हजारो माणसं लावून ते बनवतात. गलबत मात्र प्रीतलने इंजिनिअरिंगला असताना, पाचूबंदरच्या घरात, खाली आईची मासळीची टोपली आणि वर माळ्यावर आपण, असं बसून हौसेने सुरू केलं होतं. आता सहासात जण होते, कोणी गोव्याचा, कोणी कोल्हापूरचा, कुणालाच पगार नाही. सगळा कोड उघडा, ज्याला वाचायचाय त्याने वाचावा. नियम एकच होता: कोणीही काही लिहिलं की दुसऱ्या कोणीतरी ते ओळ न् ओळ बघायचं, आणि बघणाऱ्याने हो म्हटलं तरच ते गलबतावर चढायचं. स्वतःचं स्वतः चढवायचा हक्क फक्त प्रीतलला आणि गोव्याच्या गॉडफ्रेला. गलबताला ब्लूटूथ नव्हतं. कोण करणार, असा विषय एका ऑनलाइन बैठकीत निघाला तेव्हा अश्लेषा एवढ्या जोरात "मी करते" म्हणाली होती की गॉडफ्रेने टाळ्याच वाजवल्या. त्या दिवसापासून तिचं लिहिलेलं प्रीतलताई बघत आली. कशी बघायची. 'इथे श्वास घे, ही ओळ फार धावतेय,' असं लिहायची. 'हे सुंदर आहे, पण चुकलंय.' शाळेत, क्लासमध्ये, घरी, इतकं नीट अश्लेषाला कधी कोणी वाचलं नव्हतं. येत्या आवृत्तीत ब्लूटूथ जाणार होतं, खाली तिचं नाव लागणार होतं, आणि नावापेक्षाही ताई त्या दिवशी काय म्हणेल ते ऐकायला तिचे कान आतापासूनच ताठ होऊन बसले होते.

आणि आता हा ई-आठ. क्लासला ती बाकाखाली लॅपटॉप उघडून बसली; रांगेत दहापंधरा पत्ते, सगळ्यांत वर ई-आठ. दवाखान्यात आईला डबा द्यायला गेली, तिथेही. शेवटी एका टळटळीत दुपारी फोन घरात ठेवून, घड्याळ काढून ठेवून, ती नुसता लॅपटॉप घेऊन इमारतीच्या गच्चीवर गेली. गच्चीवर पाण्याच्या टाक्या, कुणाच्या तरी वाळत घातलेल्या चादरी, आणि ऊन. पत्र्याच्या टाकीआड बसून तिने हाक मारली. रांगेत एकच उत्तर आलं. तिला वाटलं आपल्या पाठीवर कोणीतरी हात ठेवलाय, आणि हात गार नाही, ओळखीचा आहे. हेच जास्त वाईट होतं. कारण आता दप्तर नव्हतं, फोन नव्हता, होता तो लॅपटॉप आणि त्याला खोचलेला नखाएवढा ब्लूटूथचा डोंगल. आणि दोन्ही प्रीतलताईने दिलेले.

एकदा माणूस संशयाला बसला की त्याला आठवणीतलं सगळं नव्याने वाचावं लागतं, आणि अश्लेषा वाचनात हुशारच होती. ताई बोलायला लागली की पहिलं वाक्य काय असतं? 'आज कुठून काम करतेयस?' आधी ते किती गोड वाटायचं. दसऱ्याच्या संध्याकाळी तिने लिहिलं होतं, 'सातिवलीत जिलेबी होती की नाही?' सातिवली हिला कोणी सांगितली? अश्लेषाने स्वतःच पूजेचा फोटो स्टेटसला टाकला होता, हे तिला आठवलं. पण आठवूनही संशय तसूभर मागे सरकला नाही, उलट म्हणाला, तेवढंच निमित्त पुरतं ना. दसऱ्याच्या आदल्या दिवशी पाठवलेल्या कोडच्या शेवटच्या तुकड्यावर ताईने अजून हो किंवा नाही म्हटलेलं नव्हतं. एरवी जेवायच्या आधी उत्तर यायचं. का थांबलीय? तिची पुण्यात नोकरीची मुलाखत होती, तिथे ती गलबत दाखवणार होती, हे तिनेच सांगितलं होतं. ब्लूटूथ असलेलं गलबत, अर्थातच. मग ते कुणी केलं म्हणून सांगणार? अश्लेषा पलंगावर पालथी पडून या सगळ्या गोष्टी शेजारी शेजारी मांडत होती, आणि मांडताना तिला एक विलक्षण हुशारीची झिंग येत होती, गणित सुटत आलं की येते तशी. सगळं जुळत होतं. पुढे कधीतरी तिला कळायचं होतं, की सगळं इतकं जुळायला लागलं की थांबावं.

तिने बाबांचा स्क्रू-ड्रायव्हर घेतला आणि लॅपटॉप पालथा घालून मागचं झाकण काढलं. आत धूळ, केसांचं एक वेटोळं, पंख्याच्या कडेला काहीतरी चमकलं. पातळ, गोल, पारदर्शक. चिमट्याने उचललं तर तो माशाचा खवला होता. "काय शोधतेस?" आई दारात उभी होती. आणि मग, ज्या बाईला आपण जन्मभर हसलो तिच्यापुढेच, अश्लेषाने सगळं ओतलं. शेवटी आई म्हणाली, "मी जाऊ का तिच्या आईकडे?" तिच्या आवाजात जिंकल्याचा आनंद असता तर अश्लेषाला बरं वाटलं असतं, पण नुसती भीती होती, आणि भीतीने आईचा चेहरा भिंगातून दिसतो तसा दिसत होता. "नको. मी बघते," अश्लेषा म्हणाली. आणि बघते म्हणताना तिने जे केलं ते असं, की गॉडफ्रेला एक निरोप लिहिला: प्रीतलताईने कुणाला काही मशीन दिलं असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका, माझ्या मशीनमध्ये पाळत ठेवणारं काहीतरी आहे, माझ्याकडे पुरावा आहे. पाठवलं. पुरावा शब्द तिला लिहिताना फार आवडला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बसने वसईला आणि तिथून रिक्षाने पाचूबंदरला गेली. किल्ल्याच्या बाजूने रस्ता वळला तसा वाळत्या मासळीचा वास आत शिरला, दाट, खारट. पहिल्यांदा आली होती तेव्हा तिने नाक धरलं होतं आणि ताई म्हणाली होती, धर, धर, थोड्या वेळाने तूच सोडशील. घरासमोर बांबूंवर बोंबील टांगलेले, जोडीजोडीने, एकमेकांच्या तोंडात तोंड अडकवून. खाली ताईची आई रोझलीन टोपली निवडत बसली होती.

"कोन गो? अश्लेषा ना? पानी पी पयलं. एवढी लाल कशानं झालीस?"

"ताई आहे का मावशी?"

"हाय ना वर. सकाळधरनं बोलत नाय कुनाशी. तुमचं ते मशीन बिघडलं काय परत?"

माळ्यावर प्रीतल जमिनीवर बसली होती, भिंतीला पाठ लावून. केस विंचरलेले नव्हते. तिने अश्लेषाकडे पाहिलं आणि शेजारची उशी सरकवून जागा केली, नेहमीसारखी, आणि त्या नेहमीसारखेपणाचाच अश्लेषाला राग आला. येताना रिक्षात तिने वाक्यं पाठ केली होती, ती सगळी उलटसुलट बाहेर पडली. "ताई, तू माझ्यावर नजर ठेवतेस का? मला खरं सांग. मी लहान नाहीये."

"गॉडफ्रेने पाठवलाय मला तुझा निरोप," प्रीतल म्हणाली.

खाली कोणीतरी रोझलीनशी मासळीच्या भावावरून हुज्जत घालत होतं. अश्लेषाला एकदम वाटलं की आपण खाली जावं, तिथल्या भांडणात उभं राहावं, इथे नको.

"दाखव," प्रीतल म्हणाली. "पुरावा म्हणालीस ना. दाखव."

लॅपटॉप उघडला, हाक मारली. वाडीतले पत्ते रांगेने आले, सगळ्यांत वर ई-आठ. "हा," अश्लेषाने बोट ठेवलं, "हा घरी, हा सातिवलीला, हा क्लासला. गच्चीवर मी एकटी होते, तिथेपण." प्रीतल पडद्याकडे बराच वेळ पाहत राहिली. तिच्या भुवया जवळ आल्या, मग एक भुवई वर गेली. कोड वाचताना तिचा चेहरा असा होतो हे अश्लेषाने बैठकांमध्ये कितीदा पाहिलं होतं, आणि तो पाहायला मिळावा म्हणून कधीकधी मुद्दाम अवघड प्रश्न विचारले होते. मग प्रीतलने हात पुढे केला, डोंगल उपटून काढला आणि अश्लेषाच्या तळहातावर ठेवला. "आता मार हाक."

"डोंगलशिवाय कशी? त्याला ऐकूच येणार नाही."

"मार."

तिने बटण दाबलं. वाडीतले सगळे पत्ते गेले. ई-आठ तिथेच होता. कान काढून घेतलेलं यंत्र, ठार बहिरं, आणि तरी एक उत्तर ऐकू आल्याचं शपथेवर सांगत होतं.

समजायच्या आधी अश्लेषाची कानशिलं तापली, शरीराला आधी कळलं. प्रीतल आता तिच्याकडे पाहत नव्हती, खिडकीतून बाहेर बोंबलांकडे पाहत होती, आणि एखादी कविता म्हणून दाखवावी तसं तिने तो पत्ता मागून पुढे म्हणून दाखवला, एकेक जोडी, उलट्या क्रमाने, पडद्याकडे न बघता. "माझे हेडफोन," ती म्हणाली. "जुलैत फोनवर लिहून घेतलेलास. आठवतंय?"

आठवलं. पाऊस ओतत होता, लाइट जाऊन येऊन होती. यादी पडद्यावर नीट छापली जाते का ते बघायला खरं उत्तर नव्हतं, कारण तेव्हा शोधच चालत नव्हता. म्हणून ताई म्हणाली होती, तात्पुरता माझ्या हेडफोनचा पत्ता टाक, नंतर काढ. अश्लेषाने तो यादीच्या अगदी पहिल्या खणात स्वतःच्या हाताने लिहिला. पुढे खरी उत्तरं यायला लागली ती दुसऱ्या खणापासून भरत गेली. पहिल्या खणाकडे कुणी गेलंच नाही. आणि हवेतून पत्ते येतात ते उलटे, शेपटीकडून, हे तिला दसऱ्याच्या आदल्या दिवशी कळलं होतं. म्हणून तिने छापताना सगळेच उलटवायची ओळ लिहिली होती, केवढ्या आनंदात. त्या ओळीने खरे सुलटे झाले आणि हा एक सुलटा होता तो उलटा झाला, अनोळखी झाला, आणि तिच्या मागे लागला. मागे तरी कुठे. ती जिथे गेली तिथे ती त्याला घेऊन गेली.

तिला हसू यायला हवं होतं. महिनाभरापूर्वी असतं तर दोघी पोट धरून हसल्या असत्या, गॉडफ्रेला फोन लावला असता. "ताई," ती म्हणाली, "मी मूर्ख आहे."

"नाहीस. हे मला तेव्हाच दिसलं होतं, तुझा तुकडा वाचताना. म्हणून हो म्हटलं नाही. तुझं तुला सापडू दे म्हणून थांबले होते," प्रीतल म्हणाली. "शिकवायला निघाले होते मी."

"मी गॉडफ्रेला लिहिते आत्ताच, की..."

"लिही. ते लिहावंच लागेल. पण चूक काढायला एक ओळ लागते अश्लेषा, आणि तुझा निरोप त्याने मला पाठवायच्या आधी रात्रभर स्वतःजवळ ठेवला. म्हणजे रात्रभर त्यानेही विचार केला ना, खरं असेल का." तिने हे रागाने म्हटलं असतं तर अश्लेषा रडली असती आणि मोकळी झाली असती. प्रीतलने स्वतःचा लॅपटॉप मांडीवर ओढला, थोडं काहीतरी टाइप केलं, आणि अश्लेषाच्या पडद्यावर खालच्या कोपऱ्यात एक सूचना उगवली. गलबतावर स्वतःचं स्वतः चढवायचा हक्क. प्रीतल, गॉडफ्रे, आणि आता अश्लेषा.

"हे काय?"

"तुझं काम चांगलं आहे, तो हक्क तुझा तसाही होता, आवृत्तीच्या दिवशी देणार होते. आज देते. पहिला खण नीट कर आणि तुझं तूच चढव." मग, लॅपटॉप मिटत, "मी नाही बघणार. जिचा माझ्यावर भरवसा नाही तिचं मी वाचत बसू नये. गॉडफ्रेला विचार हवं तर. नाहीतर कोणीच बघायची गरज नाही आता."

ती अंघोळीला निघून गेली. बादलीत पाणी पडल्याचा आवाज आला. अश्लेषा माळ्यावर बसून राहिली, आणि कधीपासून हवं होतं ते सगळं तिच्यापुढे उघडं पडलेलं होतं: नाव, हक्क, बटण. ताईने हो म्हणायची वाट बघायला नको. कुणाची नजर नाही. लगेच मनात एक बारीक आवाज आलाच, की इतक्या सहज का दिला असेल हिने हक्क, यात काय आहे. आणि तो आवाज ऐकून तिला पहिल्यांदा स्वतःची भीती वाटली. तो आवाज डोंगलशिवाय चालत होता.

ती लॅपटॉप छातीशी धरून खाली आली. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसून तिने पहिल्या खणातला पत्ता पुसला. गॉडफ्रेला लिहिलं, सगळं, हुशारीचा एकही शब्द न घालता, आणि ते लिहायला तिला आख्खं ब्लूटूथ लिहिण्यापेक्षा जड गेलं. मग चढवायचं बटण पुढे आलं. अंगठा त्याच्यावर ठेवला आणि उचलला. ओळी बरोबर होत्या, तिला माहीत होतं. पुन्हा वाचल्या. बरोबर होत्या, आणि तरी अशा उघड्यावाघड्या दिसत होत्या, की कोणीतरी एकदा, कोणीही, त्यांच्याकडे बघावं असं तिला पोटातून वाटलं. समोर रोझलीन मांडी घालून बसली होती, हात कोपरापर्यंत ओले.

"मावशी, जरा बघता का इकडे?"

"मी?" रोझलीनने मान पुढे काढून पडद्याकडे पाहिलं, मग अश्लेषाच्या तोंडाकडे जास्त वेळ पाहिलं. वर पाण्याचा आवाज थांबला होता. "भांडला काय दोघी?"

अश्लेषाने मान हलवली. हो की नाही ते तिलाही कळलं नाही.

रोझलीनने हात पुसायला फडकं शोधलं, सापडलं नाही, तेव्हा तशीच टोपली बाजूला ढकलून पायरीपाशी सरकली. "माजे हात मासळीचे हायत, मी नाय लावत त्याला," ती म्हणाली. "तू दाब. मी हाय हितं."